‘बाईंच्या मनातला आकडा’ : लहान मुलांना संख्यांचे आकृतिबंध कसे शिकवावेत?



आज आपण पहिली ते तिसरीच्या मुलांच्या एका आवडत्या, पण आपल्याकडून बऱ्याचदा घाईत उरकल्या जाणाऱ्या घटकाबद्दल बोलणार आहोत. तो घटक म्हणजे संख्यांचे आकृतिबंध. पुस्तकात हे पान आलं की आपण काय करतो? ‘२, ४, ६, __’ असं फळ्यावर लिहितो, मुलं ‘आठ!’ म्हणून ओरडतात, आपण ‘शाब्बास’ म्हणतो आणि पुढच्या पानावर जातो. मीही अनेक वर्षं असंच केलं. एका मुलीच्या वहीने मला थांबवलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

एक लाल फुली

दुसरीचा वर्ग होता. सरावाच्या कागदावर मी एक प्रश्न दिला होता : १, २, ४, __ . माझ्या मनात उत्तर होतं ८, कारण प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या दुप्पट. त्या मुलीने लिहिलं ७. मी लाल फुली मारली आणि वही परत दिली. ती काही बोलली नाही.

पुढचे काही दिवस माझ्या लक्षात आलं की बेरजा-वजाबाक्या सगळ्या सोडवणारी ही मुलगी आकृतिबंधाच्या रिकाम्या जागा मात्र तशाच सोडते. जवळ बोलावून विचारलं, ‘का गं, हे का नाही सोडवत?’ तर खाली मान घालून म्हणाली, ‘बाई, तुमच्या मनातला आकडा मला ओळखता येत नाही.’

मग मी ती जुनी वही काढली आणि विचारलं, ‘इथे सात का लिहिलंस?’ तिने बोटाने दाखवलं, ‘एकाचे दोन झाले, म्हणजे एक वाढला. दोनाचे चार झाले, म्हणजे दोन वाढले. मग आता तीन वाढणार ना?’

चार आणि तीन सात. तिचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. तीनच संख्या दिल्यावर ७ ही बरोबर आणि ८ ही बरोबर. प्रश्न माझा अपुरा होता आणि फुली तिला मिळाली. मी वर्गासमोर ती फुली खोडली, पण त्यानंतरही तिला पुन्हा हात वर करायला बरेच दिवस लागले.

त्या दिवशी मला कळलं की आकृतिबंध शिकवणं म्हणजे रिकामी जागा भरायला शिकवणं नव्हे. मुलाला नियम दिसला पाहिजे आणि तो त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. नियम न बोलता नुसतं उत्तर तपासलं, तर मुलांच्या दृष्टीने गणित म्हणजे बाईंच्या मनातला आकडा ओळखण्याचा खेळ होऊन बसतो.

आकृतिबंध म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, काहीतरी ठरावीक नियमाने येत राहतं, तो आकृतिबंध. लहान मुलांसाठी त्याचे दोन प्रकार पुरेसे आहेत.

पहिला, पुन्हा पुन्हा येणारा : लाल मणी, लाल मणी, पिवळा मणी, लाल, लाल, पिवळा... इथे एक गट परत परत येतो. दुसरा, वाढत किंवा कमी होत जाणारा : ५, १०, १५, २०... किंवा २०, १८, १६, १४... इथे गट परत येत नाही, प्रत्येक पायरीवर ठरलेला बदल होतो.

आपण बहुतेक वेळा थेट दुसऱ्या प्रकारावर उडी मारतो. पण ज्या मुलाला ‘परत काय येतंय’ हे बघायची सवय नाही, त्याला ‘किती वाढतंय’ हे चटकन दिसत नाही. म्हणून सुरुवात पहिल्या प्रकारापासून करू या.

पायरी १ : हात, पाय आणि मणी

वही-पेन्सिल बाजूला ठेवा. मुलांना गोलात उभं करा आणि सुरू करा : टाळी, टाळी, चुटकी, टाळी, टाळी, चुटकी. दोन-तीन फेऱ्यांत सगळा वर्ग तालात येतो. मग थांबून विचारा, ‘परत परत काय येतंय?’ काही मुलं म्हणतील ‘टाळी’. त्यांना चूक म्हणू नका. ‘टाळीनंतर लगेच पुन्हा सुरुवात होते का?’ असं विचारून पुन्हा करायला लावा. ‘टाळी, टाळी, चुटकी’ हा पूर्ण गट मुलांच्या तोंडून आला पाहिजे.

आता तोच ताल मण्यांत मांडा : लाल, लाल, पिवळा. नंतर अंकांत लिहा : १, १, २, १, १, २. ‘हे तिन्ही सारखेच आहेत का?’ असं विचारा. वस्तू बदलल्या तरी नियम तोच राहिला, हे मुलाला जाणवणं ही फार मोठी गोष्ट आहे. बीजगणितात आपण हेच तर करतो.

पुढचा प्रश्न विचारा : ‘चुटकी कितव्या वेळी येते?’ मुलं मोजतात : तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या. फळ्यावर लिहा : ३, ६, ९, १२. एखादं मूल नक्की ओरडेल, ‘बाई, हा तर तीनचा पाढा!’ पाढा पाठ करायच्या आधी असा हातात सापडला, की मुलं तो सहसा विसरत नाहीत.

पायरी २ : टप्प्याने मोजणं

आता वाढणारे आकृतिबंध घ्या, पण वस्तूंसह. वर्गाबाहेर काढलेल्या चपला दोन-दोनच्या जोडीने मोजा. हाताचे पंजे भिंतीवर उमटवून पाच-पाचने मोजा. काड्यांचे दहाचे गठ्ठे करून दहा-दहाने मोजा. शाळेत शंभर मण्यांची गणितमाळ असेल तर पाच-पाच मण्यांवर कपड्याचे चिमटे लावा आणि मुलांना चिमट्यांवरून उड्या मारत मोजू द्या. आपण किती पुढे सरकलो हे माळेवर डोळ्यांना दिसतं.

इथे चार गोष्टी जरूर करा.

१. सुरुवात नेहमी पाढ्यातूनच करू नका. ५, १०, १५ झाल्यावर ३ पासून पाच-पाचने मोजायला सांगा : ३, ८, १३, १८, २३, २८. पाढा पाठ असलेलं मूल इथे अडखळतं. पण थोड्या वेळाने त्याला दिसतं की एककाच्या जागी ३, ८, ३, ८ असंच येतंय! वाढणाऱ्या आकृतिबंधाच्या पोटात पुन्हा पुन्हा येणारा आकृतिबंध दडलेला असतो.

२. उलटंही मोजा. ५०, ४५, ४०, ३५... उतरता क्रम आला की वजाबाकीची निम्मी भीती जाते.

३. रिकामी जागा मधे आणि सुरुवातीलाही ठेवा. १२, __, १६, १८ किंवा __, २०, ३०, ४०. शेवटची जागा पाढा म्हणूनही भरता येते. पहिली जागा भरायला नियम कळावाच लागतो.

४. निदान चार-पाच संख्या द्या. माझी १, २, ४ ची चूक तुम्ही करू नका. १, २, ४, ८, १६ दिलं असतं तर ती मुलगी दुपटीपर्यंत पोहोचली असती.

पायरी ३ : १ ते १०० चा तक्ता

दहा ओळी, प्रत्येक ओळीत दहा घरं, हा तक्ता प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असतो. बहुतेक वेळा तो शोभेला असतो! त्याची एक-एक प्रत मुलांच्या हातात द्या आणि रंगवायला सांगा.

दोनच्या टप्प्याची घरं रंगवली की पाच उभे पट्टे होतात. पाचच्या टप्प्याची रंगवली की दोनच उभे पट्टे. दहाची रंगवली की एकच, शेवटचा. तीनची रंगवली की सरळ पट्टे येतच नाहीत, तिरक्या रेषा उमटतात. आणि नऊची? ९, १८, २७, ३६... वरून खाली डावीकडे उतरणारी एक तिरकी वाट ८१ पर्यंत जाते. रंगवून झालं की विचारा, ‘नऊच्या वाटेवर दशकाचा अंक काय करतो? एककाचा काय करतो?’ दशक एकाने वाढतं, एकक एकाने कमी होतं. का? नऊ मिळवणं म्हणजे दहा मिळवून एक काढणं. तक्त्यावर एक घर खाली आणि एक घर डावीकडे.

इथून एक छान खेळ होतो. फक्त एक संख्या लिहा, समजा ४६, आणि आजूबाजूची घरं रिकामी ठेवा. खाली कोण? ५६. वर? ३६. उजवीकडे खाली तिरकं? ५७. पूर्ण तक्ता न बघता मुलं ही घरं भरू लागली, की दशक-एकक त्यांना समजलं असं मानायला हरकत नाही.

मराठी संख्यानामांची गंमत आणि अडचण

आता आपल्या भाषेची एक खास गोष्ट. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी, ५ नंतर. म्हणून ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारं मूल निष्काळजी नसतं, ते ऐकलेल्या क्रमाने लिहीत असतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनावरून महाराष्ट्रभर जी चर्चा झाली, ती याच अडचणीतून. त्या वादात तुमचं मत काहीही असो, वर्गातली अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून आकृतिबंधाचा उपयोग करता येतो.

तक्त्यातला २ चा उभा स्तंभ मोठ्याने वाचा : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. ‘सुरुवातीला काय ऐकू येतं?’ बा, ब, बे, ब्या. म्हणजे दोन! तसाच ५ चा स्तंभ वाचा : पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट... इथे पाच ऐकू येतो.

सगळ्यात मजा येते ९ च्या स्तंभात. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस... ‘एकोण’ म्हणजे एक कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. बरीच मुलं ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहितात, कारण त्यांच्या कानाला ‘तीस’ लागतं. काड्यांचे तीन गठ्ठे ठेवा, त्यातली एक काडी काढून घ्या आणि म्हणा, ‘तीस होते, एक कमी केला, एकोणतीस.’ दोन-चार संख्यांसाठी हे केलं की नियम मुलं स्वतःच सांगतात. मग विचारा, ‘हा नियम कुठे मोडतो?’ मुलं ८९ पर्यंत वाचत जातात, एकोणनव्वद, आणि ९९ ला थांबतात : नव्याण्णव! नियम कुठे मोडतो हे शोधणं मुलांना नियम पाळण्याहून जास्त आवडतं. आणि ते शोधायला आधी नियम माहीत असावा लागतो.

उलट्या संख्यांचा खेळ (तिसरीसाठी)

२५ आणि ५२ ची गल्लत होते ना? मग तिचाच खेळ करू. दोन अंकी संख्या घ्या, अंक उलटे करा, मोठीतून लहान वजा करा.

५२ – २५ = २७
७१ – १७ = ५४
६३ – ३६ = २७
९४ – ४९ = ४५

उत्तरं तक्त्यावर रंगवायला सांगा. सगळी नऊच्या त्या तिरक्या वाटेवर येतात. मुलं वेगवेगळ्या संख्या घेऊन बघतात आणि न सांगता वजाबाकीचा भरपूर सराव होतो.

असे खेळ आयुष्यभर खेळलेले एक शिक्षक आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत असत. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं, तर शेवटी ६१७४ येतं, हे त्यांनी शोधलं. उदाहरणार्थ ३५२४ घ्या : ५४३२ – २३४५ = ३०८७; मग ८७३० – ०३७८ = ८३५२; मग ८५३२ – २३५८ = ६१७४. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. ही संख्या आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. मोठ्या वर्गाला हे जरूर करायला द्या. एक शाळामास्तर संख्यांशी खेळता खेळता कुठे पोहोचला, हेही मुलांना सांगा.

पालकांसाठी : घरात काय करता येईल?

यासाठी वेगळा अभ्यास घ्यायची गरज नाही.

- दिनदर्शिका : एखाद्या वाराच्या तारखा वाचायला सांगा. ३, १०, १७, २४, ३१. दर वेळी सात वाढतात. का? आठवडा सात दिवसांचा. मोठ्या मुलाला चार तारखांचा चौकोन निवडायला सांगा, समजा ३, ४, १०, ११. समोरासमोरच्या तिरक्या तारखांची बेरीज करा : ३ + ११ आणि ४ + १०. दोन्ही १४. दुसरा कुठलाही चौकोन घ्या, दोन्ही बेरजा सारख्याच येतात.
- ठिपक्यांची रांगोळी : ‘सात ते चार’ ठिपके म्हणजे मधल्या ओळीत सात, मग वर आणि खाली ६, ५, ४. ठिपके मुलाला काढू द्या. किती लागले ते आधी अंदाजाने सांगायचं आणि मग मोजायचं. (सदतीस येतात!)
- चिंचोके : एक चिंचोका ठेवा. त्याच्या भोवती काटकोनात तीन ठेवा, दोन-दोनचा चौकोन झाला. मग पाच ठेवा, तीन-तीनचा झाला. आता किती लागतील? १, ३, ५, ७... विषम संख्या मिळवत गेलं की चौकोन मोठा होत जातो : १, ४, ९, १६.
- तोरण किंवा गजरा : दोन पिवळी फुलं, एक पान, पुन्हा दोन पिवळी. ‘अकरावं काय येईल?’ असं मधेच विचारा. (फूलच!)

एक विनंती. मूल चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगू नका. ‘तू कसं ओळखलंस?’ एवढंच विचारा आणि थांबा. थांबणं अवघड जातं, मला माहीत आहे. पण दहापैकी काही वेळा तुम्हाला कळेल की मूल चुकलेलंच नव्हतं.

तपासायचं कसं?

मी आता तीन प्रश्न ठरवून ठेवले आहेत. काय दिसतंय? पुढे काय येईल? कशावरून? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, तरच आकृतिबंध समजला असं मी धरते. लेखी परीक्षेतही रिकाम्या जागेखाली एक ओळ मोकळी सोडते : ‘नियम लिही.’ दुसरीतली मुलं ‘५ वाडतात’ असं लिहितात. तिथे ‘वाढतात’चं शुद्धलेखन मी त्या दिवशी तपासत नाही. उत्तर वेगळं असेल आणि नियम जुळत असेल, तर पूर्ण गुण. ज्याला लिहिता येत नाही, त्याला मी तोंडी सांगू देते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे मुलांनाच प्रश्न तयार करू द्या. दर शनिवारी एक मूल फळ्यावर आपला आकृतिबंध लिहितं, बाकीचे ओळखतात, मीसुद्धा. ती ७ लिहिणारी मुलगी सुरुवातीला पुढे यायची नाही. एका शनिवारी आली. तिने लिहिलं : २, ३, ५, ८, __ . मी म्हटलं, ‘बारा. आधी एक वाढला, मग दोन, मग तीन, आता चार.’ तिने मान हलवली, ‘माझं तेरा आहे. मागचे दोन मिळवायचे. पाच आणि आठ तेरा.’ मग क्षणभर माझं उत्तर बघत राहिली आणि म्हणाली, ‘पण बाई, तुमचंही बरोबर आहे.’

तिने फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले. फुली कुणालाच नाही.

येत्या आठवड्यात तुमच्या वर्गात किंवा घरात एकच गोष्ट करून बघा : उत्तर बरोबर असो वा चूक, ‘कशावरून?’ हे विचारा. मुलांनी काय सांगितलं ते एका वहीत टिपून ठेवा. ही वही पुढच्या वर्षी तुमच्याच फार उपयोगी पडेल.